पत्ता

मिठाच्या डबीतून आलं बी,
मिठाखाली कागदाची पुडी.
तपासणाऱ्यानं डबी कानाशी धरून हलवली
आणि परत दिली.

त्याला एकवीस वर्षं झाली.
याकिमाच्या खोऱ्यात सफरचंदं इतकी
की पोरं ती एकमेकांना फेकून मारतात.
आठवडाभर आई पट्ट्यापाशी उभी :
डागाळलेलं डावीकडे, चकचकीत उजवीकडे.
रविवारी ती भाड्याच्या अर्ध्या एकरात जाते
आणि तिथे डावं-उजवं करत नाही.

मालक म्हणतो, मिरची लाव, मिरचीला भाव आहे.
लावतेच की, बांधाला, आई म्हणते.
पण मेलेली माणसं मिरचीच्या वासानं येत नाहीत,
ठसकतात.

ती लावते झेंडू.
सेंपासुचिल. आजोबा सांगायचे, म्हणजे वीस पाकळ्या.
मी एकदा मोजायला बसले,
एकशे चाळीसपर्यंत गेले, मग जेवायला हाक आली.
आजोबांना वीसच्या पुढे मोजायचं कधी कामच पडलं नाही,
असं आई म्हणते. हसून नव्हे.

सप्टेंबरभर माझ्या हातांना तो वास,
उग्र, ओल्या तांब्यासारखा.
वर्गात मी हात मांडीखाली घेऊन बसायचे.

इथे आमचं कुणी पुरलेलं नाही.
थडगी सगळी ओहाकाच्या डोंगरात,
आणि त्यातल्या कुणी हे घर पाहिलेलं नाही.
म्हणून फुलं खुडताना आई पत्ता सांगते,
मोठ्यानं, मिश्तेक भाषेत,
नव्या पोस्टमनला सांगावा तसा :
हॉप्सच्या गोदामापाशी वळा.
पेट्रोल पंप डाव्या हाताला ठेवा.
कुत्रं भुंकेल, बांधलेलं आहे.
निळं दार. बेल बिघडलीय,
सरळ आत या.

एका वर्षी ऑक्टोबर संपायच्या आत
रेडिओनं रात्रीसाठी उणे चार सांगितलं.
आईनं एकच फोन केला, ओब्दूलियामावशीला.
दहा वाजेपर्यंत बांधावर चौदा गाड्या,
आणि दिव्यांच्या झोतात माणसं उतरतायत
आपापल्या पलंगांवरच्या चादरी घेऊन.
फुटबॉलच्या, बाहुल्यांच्या, लग्नात आलेल्या,
एक तर इस्पितळाचा शिक्का असलेली.
फिदेन्सियोकाकानं घरातले पडदेच काढून आणले.
वाफ्यामागून वाफे आम्ही पांघरत गेलो.
कुणीतरी म्हणालं, हळू रे, जागे होतील.

दोन ओळी उरल्या. चादरी संपल्या.
आई त्या दोन ओळींमध्ये उभी राहिली
आणि अंगातला स्वेटर काढू लागली.
तिला धरावं लागलं.

सकाळी त्या ओळी काळ्या, लिबलिबीत,
उकडून विसरलेल्या भाजीसारख्या.
सात झाडं सोडून.
का, ते कुणालाच कळलं नाही.
मालक येऊन बघून गेला, टोपी काढून,
काही बोलला नाही. मिरचीबद्दलही नाही.

बाकीची फुलं चार दिवसांत गेली,
बादलीमागून बादली,
शाळेच्या फाटकाशी, बेकरीच्या काउंटरवर,
नदीकाठच्या त्या ट्रेलरमध्ये
जिथे पाळणा अजून आवरला नव्हता.
तिथले पैसे आईनं घेतले नाहीत,
आणि तिथे पत्ताही सांगितला नाही.
पाकळ्या दारापासून पाळण्यापर्यंतच पसरल्या,
लहान पावलांना पुरे तेवढ्या.

ती सात झाडं तिनं मुळासकट उपटून
स्वयंपाकघरात उलटी टांगली.
महिनाभर आम्ही त्यांच्याखाली वाकून जेवलो,
वरणात सुद्धा काळ्या काड्या पडायच्या.

मिठाची डबी तीच.
पुडीवर गावाचं नाव होतं, पुसट झालेलं.
ते तिनं खोडलं नाही.
खाली लिहिलं,
शाळा न पाहिलेल्या अक्षरात,
पेन्सिल दोनदा जिभेला लावून :
निळं दार.